काजूची पोती, चार पिक्सेलचा चेहरा आणि दुसऱ्यांदा घेतलेले कॅमेरे

माझ्या फोनमध्ये साडेचार मिनिटांची एक क्लिप आहे. मे २०२३ मधली, कुडाळ तालुक्यातल्या आमच्या घराच्या खळ्यातली, म्हणजे पुढच्या अंगणातली. खळ्याच्या पलीकडच्या कडेला एक माणूस दिसतो. वाळवून ठेवलेल्या काजूबियांचं एक पोतं तो खांद्यावर मारतो, बेड्यातून, म्हणजे आवाराच्या फाटकातून, बाहेर जातो, थोड्या वेळानं परत येऊन दुसरं उचलतो. घाई नाही, गडबड नाही. स्वतःचंच घर असल्यासारखा. मध्ये एकदा मान वर करून थेट कॅमेऱ्याकडे बघतोसुद्धा. आणि चेहऱ्याच्या जागी असतो पांढुरका ठिपका. डोळे नाहीत, नाक नाही, मिशी आहे की नाही तेही कळत नाही. वर कोपऱ्यात तारीख: १ जानेवारी २०००.

पेनड्राइव्ह घेऊन पोलिसांकडे गेले. तिथल्या हवालदारांनी दोनदा शांतपणे बघितलं आणि म्हणाले, "ताई, माणूस आहे हे नक्की." यावर काय बोलणार? तेही हसले नाहीत, मीही नाही. त्या चार कॅमेऱ्यांवर मी १७,८०० रुपये घातले होते, आणि त्या पैशांत मला एवढंच कळलं होतं की चोर माणूस होता, वानर नव्हे.

मी ठाण्यात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. गावाला आई एकटी, वय ७६. भाऊ मस्कतला. आधी मागच्या न्हाणीतला तांब्याचा हंडा गेला होता, म्हणून नोव्हेंबर २०२२ मध्ये कॅमेरे लावले. ओळखीतल्या एकानं बसवून दिले. चार बुलेट कॅमेरे, एक डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं चित्र साठवणारी पेटी), १ टीबीची हार्ड डिस्क, चित्र आणि वीज दोन्ही नेणारी 'थ्री प्लस वन' केबल. मी फक्त एक प्रश्न विचारला होता, "किती मेगापिक्सेल?" तो म्हणाला, "दोन, फुल एचडी." मी म्हटलं, बरं. कॅमेरा घेणारे दहापैकी नऊ जण एवढंच विचारत असणार.

त्या पहिल्या सेटचं काय काय चुकलं होतं ते मला नंतर, हळूहळू कळलं. माझ्यासारखं दुसऱ्या कुणाचं होऊ नये म्हणून ते आधी सांगते. दुसरा सेट चांगला का वाटतो ते त्याशिवाय कळायचं नाही.

कॅमेरा २ मेगापिक्सेलचा होता, खरं. पण डीव्हीआर साठवत होता '१०८० एन' या पद्धतीनं. हा 'एन' फार लबाड आहे. उभे पिक्सेल हजार ऐंशीच, पण आडवे पिक्सेल १९२० ऐवजी ९६०, म्हणजे चित्र अर्ध्यावर. खोक्यावर १०८० लिहिलेलं असतं ते खोटं नसतं, आणि आपण फसलेलोही असतो. वर लेन्स २.८ एमएमची. एमएमचा आकडा जितका लहान तितकं चित्र रुंद, आणि ही नेहमीच्या लेन्समधली सगळ्यात रुंद. बसवणाऱ्यांना ती आवडते, कारण फोनवर पहिल्यांदा चित्र दाखवलं की घर, खळं, माड, आभाळ सगळं एकदम दिसतं आणि गिऱ्हाईक खूश होतं. ही लेन्स साधारण १०५ अंश बघते. काजूची पोती कॅमेऱ्यापासून १४ मीटरवर होती. तेवढ्या अंतरावर तिच्या चित्रात सुमारे ३६ मीटर रुंदी मावते. आता ३६ मीटरमध्ये ९६० पिक्सेल वाटा. एका मीटरला आले २६ आणि माणसाच्या चेहऱ्याला जेमतेम चार.

या धंद्यात यासाठी एक मानक आहे. कोणीतरी आहे एवढं कळायला एका मीटरमागे २५ पिक्सेल पुरतात. अनोळखी माणसाचा चेहरा ओळखता यावा असं वाटत असेल तर २५० लागतात. माझे होते २६. म्हणजे हवालदार मानकाप्रमाणेच बोलले होते.

हा हिशोब समजला तेव्हा मला माझाच राग आला. कारण हे मला रोजच्या कामात पाठ आहे. मलेरियाची स्लाइड आली की आधी १० च्या लेन्सवर फिरवून घ्यायची, कुठे काय आहे याचा अंदाज येतो. परजीवी बघायचा तर तेलाचा थेंब टाकून १०० ची लेन्स लावावी लागते. पण १०० वर गेलं की स्लाइडचा फक्त एक कण दिसतो, बाकी सगळं नजरेआड. दोन्ही एकदम मिळत नाही. आणि खालून उजेड नीट सोडला नसेल तर कुठलीच लेन्स कामाची नाही. बावीस वर्षं मी नव्या मुलींना हे शिकवते आहे, आणि घराला डोळा लावताना मात्र चारही जागी १० ची लेन्स लावून मोकळी झाले.

रात्रीचं तर विचारूच नका. कॅमेरे उंचावर, पत्र्याच्या पुढे आलेल्या कडेखाली, 'कोणी काढू नये म्हणून' बसवले होते. पावसाळ्यात पन्हळीतून पागोळ्या गळायला लागल्या की कॅमेऱ्याच्याच इन्फ्रारेड दिव्यात त्या पांढऱ्याशुभ्र चमकायच्या. सगळ्या चित्रावर मण्यांचा पडदा. पावसाळा संपला की कोळी. त्या दिव्याभोवती किडे येतात, किड्यांमागे कोळी, आणि कोळ्याचा एकच धागा लेन्ससमोर हलला तरी रात्रभर 'हालचाल आढळली' असे निरोप. एका रात्रीत मला ११४ आले. मी सूचनाच बंद करून टाकल्या. काजू गेले त्या रात्रीही त्या बंदच होत्या.

मागच्या बाजूचा चौथा कॅमेरा दिवसा चालायचा आणि रात्री बंद पडायचा. आई म्हणायची, त्याका झोप येता. कारण साधंच होतं. १२ व्होल्टची वायर चाळीस मीटर ओढलेली, तीही तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची. दिवसा जेमतेम भागायचं, पण रात्री दिवे लागले की भार वाढायचा, व्होल्टेज पडायचं आणि कॅमेरा मिटायचा.

आणि २०००ची तारीख? आमच्याकडे वीज दिवसातून किती वेळा जाते ते काही मी सांगायला नको. डीव्हीआरमधला बटणासारखा सेल मेला होता. वीज आली की बिचारा परत नव्या शतकाच्या पहिल्या दिवसापासून सुरुवात करायचा.

या सगळ्याचा निकाल ऑक्टोबर २०२४ मध्ये लागला. परतीच्या पावसात संध्याकाळी वीज पडली, आमच्या घरावर नाही, पलीकडच्या माडावर. माड वरून करपला. आमचा डीव्हीआर आणि दोन कॅमेरे गेले. माडाजवळून उघड्यावर नेलेली धातूची वायर म्हणजे विजेला थेट घरात यायचं आमंत्रण, हे तेव्हा समजलं.

दुसऱ्यांदा घ्यायचं ठरलं तेव्हा मी आधी मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात गेले. ग्रँट रोड स्टेशनला उतरून चालत. शनिवार दुपार, तीन दुकानं. पहिल्या दोन ठिकाणी मी काउंटरवर पोचायच्या आधीच उत्तर तयार होतं: "मॅडम, ८ मेगापिक्सेल घ्या, फोर के, एकदम क्लिअर." लेन्स किती एमएमची म्हटलं तर "स्टँडर्ड." स्टँडर्ड म्हणजे? "स्टँडर्ड म्हणजे सगळे घेतात ती." घरातल्या जेंट्सना घेऊन या असंही एकानं सुचवलं. घरातले जेंट्स मस्कतला आहेत, मी म्हटलं, तिकीट तुम्ही काढा.

तिसऱ्या दुकानात साठीपुढचे एक गृहस्थ होते. त्यांनी मेगापिक्सेल नाही, ब्रँड नाही, आधी विचारलं, "कोणाला बघायचंय आणि तो किती फुटांवर असेल?" दुकानदारानं असं विचारलं की तिथेच बसावं. त्यांनी जुन्या बिलाच्या पाठीवर माझ्या घराचा नकाशा काढायला लावला. बेडं, खळं, पडवी, न्हाणी, विहीर. मग प्रत्येक ठिकाणी एक आकडा घातला. बेड्यावर ६ एमएम, खळ्यावर ४, मागे २.८. "चारच्या जागी तीन लावा," म्हणाले. "चौथ्याचे पैसे केबलमध्ये घाला." दुकानदार माल कमी घ्या म्हणतो हे मी पहिल्यांदाच ऐकत होते.

तरी माल मी त्यांच्याकडून घेतला नाही, आणि हे त्यांना सांगूनच निघाले. तेही म्हणाले, बरोबर करताय. लॅमिंग्टन रोडवर दोनेक हजार वाचले असते, पण तुतारी एक्स्प्रेसनं खोकी नेऊन उद्या काही बिघडलं तर परत खोकी घेऊन ग्रँट रोडला येणार कोण? शिवाय बाहेरून आणलेला माल बसवायला गावचा वायरमन तोंड वाकडं करतो, आणि नंतर काहीही झालं की "माल तुमचा आहे" हे उत्तर ठरलेलं. म्हणून शिकायला मुंबई आणि घ्यायला कुडाळ, असं केलं. कुडाळात एक तिशीतला मुलगा हे काम करतो, छोटंसं दुकान आहे. त्याला मी नकाशा दाखवला. त्यानं तो दोन मिनिटं उलटसुलट बघितला आणि म्हणाला, "हे कोणी काढलं, त्याला कळतं." तिथेच सौदा ठरला.

बिलावरून मात्र थोडं झालं. बिलाशिवाय घेतलंत तर १८ टक्के वाचतील, असं त्यानंही सवयीनं म्हणून बघितलं. मी बिल घेतलं. पहिल्या वेळी नव्हतं, म्हणून जळलेल्या डीव्हीआरची वॉरंटी शिल्लक आहे की नाही हेसुद्धा सांगता आलं नव्हतं. दुसरी एक गोष्ट पक्की करून घेतली. एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सरकारचे सुरक्षेचे निकष लागू झाले आहेत, सरकारमान्य प्रयोगशाळेतून तपासून आलेला मालच विकायचा. दुकानात 'एसटीक्यूसी' हा शब्द ऐकू येतो तो यासाठी. तो मुलगा म्हणाला, जुना स्टॉक स्वस्तात आहे, चालेल का? नको म्हटलं. ब्रँड भारतीय की चिनी हा वाद तुम्ही घरी घाला, पण ही तपासणी झालेली आहे का ते विचारल्याशिवाय घेऊ नका.

मला हा विषय एवढा का लागला ते सांगते. पहिला सेट बसवणाऱ्यानं ॲप आधी स्वतःच्या फोनवर टाकलं होतं, 'टेस्टिंगला', आणि मग माझ्या फोनवर. मुख्य खातं त्याचं, मी नुसती पाहुणी. दीड वर्षानं एका लग्नात भेटला तेव्हा गप्पांच्या ओघात म्हणाला, "आई हल्ली पडवीत बसत नाही वाटतं?" त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, यावर माझा आजही विश्वास आहे. पण माझा घास तोंडातच राहिला. माझी आई कुठे बसते हे त्याला दीड वर्ष रोज दिसत होतं. पासवर्ड काय होता म्हणता? 'ॲडमिन' आणि पुढे एक दोन तीन. २०१६ मध्ये मिराई नावाच्या एका व्हायरसनं असेच, कारखान्यातून आलेला पासवर्ड न बदललेले कॅमेरे आणि डीव्हीआर जगभर हजारोंनी ताब्यात घेऊन अमेरिकेतल्या मोठमोठ्या वेबसाइट बंद पाडल्या होत्या, हे भाच्यानं मला नंतर सांगितलं. म्हणजे आमच्या न्हाणीवरचा कॅमेरा कुठल्या आंतरराष्ट्रीय कटातसुद्धा सापडू शकला असता.

या वेळी यंत्र सुरू झाल्याक्षणी पासवर्ड मी घातला, तोही त्या मुलाला पाठ फिरवायला लावून. बिचारा भिंतीकडे बघत उभा राहिला.

आता सेटबद्दल. तीन ४ मेगापिक्सेलचे आयपी कॅमेरे (नेटवर्क केबलवर चालणारे), चार चॅनेलचा एनव्हीआर (त्यांचं चित्र साठवणारी पेटी), २ टीबीची हार्ड डिस्क आणि पीओई स्विच. पीओई म्हणजे वीज आणि चित्र एकाच नेटवर्क केबलमधून. वेगळी १२ व्होल्टची वायर नाही, ॲडॉप्टर नाही, गंजणाऱ्या पिना नाहीत. केबलमधून साधारण ४८ व्होल्ट जातात, त्यामुळे लांबवर पडझड होत नाही. एका केबलची मर्यादा १०० मीटर, एवढं आमचं घर नाही. केबल अस्सल तांब्याची, बाहेर वापरायची, आणि सगळी पीव्हीसी पाइपातून नेली. खारी आणि उंदीर यांना केबल का आवडते देव जाणे.

कॅमेरे या वेळी आठ फुटांवर आहेत, पडवीच्या खांबांना. उंचावरून माणसाचा टाळू दिसतो, टोपी दिसते, पावसात छत्री दिसते. आठ फुटांवरून तोंड दिसतं. हात पोचतो, खरं आहे. पण हात पोचेपर्यंत तोंड नोंदलेलं असतं.

६ एमएमवाला बेड्याकडे बघतो. अंतर १० मीटर. बेड्यातून आत आल्याशिवाय कुणाला गत्यंतर नाही, दोन्ही बाजूंना जांभ्याचा गडगा आहे. या कॅमेऱ्याला खळं दिसत नाही, आकाश दिसत नाही, फक्त ती चिंचोळी जागा दिसते. आईला पहिल्यांदा दाखवलं तर म्हणाली, "ह्येच्यात तर काय एक दिसना नाय." पण पोस्टमन आला तेव्हा त्याच्या चष्म्याची एक दांडी दोऱ्यानं बांधलेली मला ठाण्यात दिसली. दोऱ्याचा रंगसुद्धा, हिरवा. एवढ्यासाठीच केला होता अट्टहास. ४ एमएमवाला पडवीच्या पायऱ्यांवर आणि खळ्याच्या अलीकडच्या भागावर. पाच-सहा मीटरपर्यंत चेहरा ओळखू येतो. २.८ वाला मागे, न्हाणी आणि विहीर. तिथे ओळख नको आहे, नुसतं कोणी आलं का एवढंच हवं.

रात्रीसाठी एक धडा. इन्फ्रारेडमध्ये चित्र काळंपांढरं येतं, आणि कपड्यांच्या रंगावर त्यात अजिबात विश्वास ठेवू नका. माझी काळी ओढणी त्यात राखाडी-पांढरी दिसते. काजूचोराचा शर्ट पांढरा होता असं आम्ही गावभर सांगत फिरलो होतो, तो काळासुद्धा असेल. म्हणून बेड्यावर आता ९ वॉटचा साधा एलईडी दिवा रात्रभर असतो आणि तो कॅमेरा रंगीत मोडवर. दिवा कॅमेऱ्यापासून आठ फूट लांब, म्हणजे किडे दिव्याकडे जातात आणि कोळीही तिकडेच जाळं विणतो. आतापर्यंतची ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कामाची सुधारणा. कॅमेऱ्यातच पांढरा दिवा असलेले 'फुल कलर' कॅमेरे मी मुद्दाम टाळले, किडे थेट लेन्सवर येतात म्हणून. शहरात, जिन्यात किंवा पार्किंगमध्ये ते चांगले असावेत.

मधल्या काळात एक वायफाय कॅमेराही घेऊन बघितला, मान फिरवणारा, दोन हजारांच्या आतबाहेर. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना मी तोच घ्या म्हणेन. मेमरी कार्ड घाला, प्लग लावा, झालं. गावच्या घरात तो चालला नाही, त्याचा दोष नाही. जांभ्याच्या दीड फुटी भिंती, राउटर माजघरात. पडवीत सिग्नल मिळायचा तो फक्त दार उघडं असताना. पण त्याच्यात बोलायची सोय होती. मी एकदा दुपारी लॅबमधून बघितलं, आई पडवीत सूप घेऊन तांदूळ पाखडत होती. मी बटण दाबून म्हटलं, "आई, बीपीची गोळी घेतलीस?" सूप उडालं. तांदूळ पायरीपर्यंत. ती आधी आढ्याकडे बघत राहिली, मग देवाच्या खोलीकडे, आणि मग त्या पांढऱ्या गोल कॅमेऱ्याकडे आली. तिचा चेहरा स्क्रीनभर. "मेल्या, माका कोण चोरून नेतलो?" एवढंच म्हणाली आणि त्याच्यावर पंचा टाकला. तो पंचा मी मे महिन्यात जाऊन काढेपर्यंत तिथेच होता. मला दोन महिने निळ्या रेघा दिसत होत्या.

त्यानंतर आमचा करार झाला. पडवीत बसायच्या जागेवर कॅमेरा नाही, घरात नाही. येणारी वाट, पायऱ्या, मागचं दार. खळ्यावरच्या कॅमेऱ्याला मी तिच्यासमोर बसून तिरका करून घेतला, तिची खुर्ची दिसत नाही हे तिनं स्वतः टीव्हीवर बघितलं तेव्हा मान डोलावली.

असाच प्रश्न शेजारच्या काकींचा निघाला. मागच्या कॅमेऱ्यात विहिरीच्या पलीकडे त्यांचं मागचं दार येत होतं. काकी तरातरा आल्या. आम्ही भांडी घासतो ते ठाण्यात बसून बघणार का, असा एकंदर सूर. त्यांचं चुकीचं नव्हतंच. एनव्हीआरमध्ये 'प्रायव्हसी मास्क' म्हणून सोय असते, चित्रातला हवा तेवढा भाग काळा करता येतो, तो भाग मग नोंदलाच जात नाही. कुडाळच्या मुलानं काकींना टीव्हीसमोर बसवलं आणि त्यांच्या बोटाच्या इशाऱ्यावर काळी चौकट ओढली. "अजून थोडी. अजून. आता पुरे." त्या समाधानानं गेल्या. दुसऱ्या दिवशी परत येऊन तपासून गेल्या, तो भाग वेगळा.

खर्च लिहिते, कारण प्रत्येक जण तेच विचारतो. कॅमेरे ९,९००, एनव्हीआर ४,६००, हार्ड डिस्क ६,२००, पीओई स्विच २,३००, ७० मीटर केबल २,२४०, यूपीएस ३,२००, पाइप, बॉक्स, कनेक्टर १,३५०, मजुरी कॅमेऱ्यामागे ५०० प्रमाणे १,५००. सगळे मिळून ३१,२९०. पहिले १७,८०० त्यात धरले तर माझी शिकवणी महाग पडली.

हार्ड डिस्कमध्ये कंजूषी करू नका, आणि कॉम्प्युटरमधली जुनी काढून लावू नका. दिवसरात्र लिहीत राहायला वेगळ्या, पाळत ठेवण्यासाठी बनवलेल्या डिस्क मिळतात. एच.२६५ मध्ये (चित्र दाबून कमी जागेत साठवायची पद्धत), कॅमेऱ्यामागे सेकंदाला ३ मेगाबिट या हिशोबानं माझ्या तिघांचे रोज साधारण ९७ जीबी होतात, म्हणजे २ टीबीत वीस दिवस. मला गावाला फेरी मारायला पंधरा-वीस दिवस लागतात, म्हणून तेवढंच धरलं. 'तीस दिवस रेकॉर्डिंग' असं कोणी म्हणालं तर किती मेगाबिटवर ते विचारा. चित्र खराब करून कितीही दिवस भरता येतात.

एक पावसाळा काढला आणि मगच हे लिहायला बसले. २०२५ मध्ये पाऊस २५ मेलाच आला, आमचं काम त्याच्या जेमतेम दोन आठवडे आधी उरकलं होतं. जुलैत मागच्या कॅमेऱ्याच्या सांध्यात पाणी गेलं. तो मुलगा दुसऱ्या दिवशी मोटारसायकलवर आला, सांधा कापून नवा केला, बॉक्स उलटा, तोंड खाली करून बसवला आणि पैसे घेतले नाहीत. लॅमिंग्टन रोडवर वाचणारे दोन हजार तिथेच वसूल झाले.

विजेचा प्रश्न मात्र पूर्ण सुटलेला नाही. वेगळं अर्थिंग केलं, स्विचच्या आधी सर्ज प्रोटेक्टर लावला, आणि माडाजवळून एकही केबल नेली नाही. विहिरीच्या पंपावर कॅमेरा लावायचा मोह तेवढ्यासाठीच टाळला. पण आईचा या सगळ्यावर विश्वास नाही. ढग वाजले की ती उठते आणि सगळे प्लग काढते, लहानपणापासून काढत आली आहे. मग फोन: "गडगडता हा, मी पिना काढून ठेवलंय." यूपीएसचा तासभराचा आधार, त्याचीही पिन काढलेली. म्हणजे ज्या रात्री मिट्ट अंधार, पाऊस आणि कुत्रीसुद्धा बाहेर पडत नाहीत, नेमक्या त्याच रात्री आमचे कॅमेरे बंद. मी वाद घालायचं सोडून दिलंय. गेल्या खेपेला डीव्हीआर जळला तेव्हा पिना लावलेल्या होत्या, हे ती विसरू देत नाही.

चोर अजून तरी आलेला नाही. बेड्यावर रोज रात्री दोन-अडीचच्या सुमारास एक साळिंदर येतं, काटे सळसळवत आत शिरतं आणि पडलेल्या कोवळ्या नारळाचं काम करतं. पुरावा म्हणून उत्तम आहे, काटा न् काटा मोजून घ्या.

गेल्या आठवड्यात काकींचा फोन आला. त्यांच्या मागच्या पडवीतून सोललेली सुपारी गेली. मास्कच्या काळ्या चौकटीमागूनच गेली असणार. काकी थोडा वेळ हवापाण्याचं बोलल्या, मग म्हणाल्या, "गे, तुझ्या त्या पेटयेत एक भोक रिकामा आसा म्हणतत, खरा काय?"

आहे रिकामं. चौथं चॅनेल. मी मोजून बघितलं, आमच्या स्विचपासून त्यांच्या पडवीपर्यंत ३८ मीटर केबल लागेल, मध्ये माड नाही. ४ एमएमची लेन्स पुरेल. पण मग त्यांचं मागचं दार माझ्या फोनवर येणार, आणि पासवर्ड माझ्याकडे. मी त्यांना म्हटलं, वेगळा छोटा सेट घ्या, त्या मुलाचा नंबर देते. त्या म्हणाल्या, बघू. काल आईचा फोन आला, काकी टेप घेऊन मोजून गेल्या म्हणे, त्यांच्या हिशोबानं पस्तीसच मीटर भरतात.